तांब्यावर कोरलेलं गाव

अमेरिकेत गायी असतात का, असं त्याने विचारलं होतं.

साल १९४१. फ्रान्स हिटलरपुढे शरण जाऊन काही महिने उलटले होते. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्द नावाच्या डोंगरी गावात ५३ वर्षांचा एक ज्यू चित्रकार बायकोसोबत राहत होता आणि त्याला तिथून बाहेर काढण्यासाठी व्हेरियन फ्राय नावाचा अमेरिकन तरुण धडपडत होता. लेखक, चित्रकार, विचारवंत अशा धोक्यात असलेल्या माणसांची यादी घेऊन फ्राय मार्सेय शहरात ठाण मांडून बसलेला. व्हिसा, बोटीची तिकिटं, वेळ पडली तर खोटे कागद, जमेल ते करून तो एकेकाला देशाबाहेर पाठवत होता. हा चित्रकार मात्र हलायलाच तयार नव्हता. आणि अमेरिकेबद्दल त्याची एक मोठी शंका होती, ती गायींची. गायी आहेत, शेळ्यासुद्धा आहेत, असं कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, असं फ्रायने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

तो चित्रकार म्हणजे मार्क शागाल. नाव ओळखीचं नसलं तरी त्याचं एखादं चित्र तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलं असेल. ‘नॉटिंग हिल’ सिनेमात ज्युलिया रॉबर्ट्स ह्यू ग्रँटला जे चित्र भेट देते ना, लाल कपड्यातली नवरी आणि तिच्यासाठी वाद्य वाजवणारी शेळी, ते शागालचं. गावावरून हवेत तरंगत जाणारं जोडपं, छपरावर बसलेला फिडलवाला, हिरव्या चेहऱ्याचा माणूस... पोस्टर, कॉफीचे मग, मोबाइलचे वॉलपेपर, सगळीकडे हा माणूस पोहोचलाय. त्यामुळे झालंय असं की शागाल म्हटलं की लोकांना फक्त रंग आठवतात. रंग आणि गोड गोड स्वप्नं.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम काळ्या शाईतलं आहे. बायबलमधल्या गोष्टींवरची १०५ छापचित्रं. सुरुवात १९३१ मध्ये, पुस्तक बाहेर आलं १९५६ मध्ये. मध्ये २५ वर्षं. त्या २५ वर्षांत काय काय झालं हे माहीत नसेल, तर ही चित्रं म्हणजे नुसत्या दाढीवाल्या म्हाताऱ्यांची रांग वाटू शकते.

पाच रूबल

शागालचा जन्म १८८७ चा, वितेब्स्कजवळचा. आज हे शहर बेलारूसमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घरातलं नाव मोइशे. नऊ भावंडांत थोरला. वडील हेरिंग माशांच्या व्यापाऱ्याकडे हमाली करायचे, दिवसभर खाऱ्या माशांची पिंपं उचलायचे. आई घराजवळ किराण्याचं छोटं दुकान चालवायची. घर हसिदी पंथाचं. म्हणजे शब्बाथ, प्रार्थना, सण सगळं काटेकोर, पण त्यात गाणं आणि नाचणंही भरपूर. देवाकडे रडत जाण्यापेक्षा आनंदाने जावं असं मानणारा हा पंथ. शागालच्या चित्रांतली माणसं उडतात ती कुठून आली याचं थोडं उत्तर इथे सापडतं.

ज्यू मुलांना सरकारी रशियन शाळेत सहज प्रवेश मिळत नसे. आईने मास्तरांना ५० रूबल चारले आणि पोराला वर्गात बसवलं. पुढे पोराने चित्रकार व्हायचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा येहुदा पेन नावाच्या स्थानिक चित्रकाराच्या शाळेत त्याला घेऊन जाणारीही आईच. फीचे पाच रूबल वडिलांनी दिले, पण हातात नाही. अंगणात भिरकावून दिले आणि शागालने ते वेचून घेतले. ‘माझं आयुष्य’ या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग कुठलाही कडवटपणा न ठेवता सांगितलाय. त्याच पुस्तकात एक काकाही आहे. पुतण्या चित्रं काढतो म्हटल्यावर तो त्याच्याशी हात मिळवायलाही घाबरतो. न जाणो, माझंच चित्र काढलं तर? पाप लागायचं!

हा काका विनोदी वाटतो, पण त्याची भीती हवेतली नव्हती. मोशेला सिनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी दुसरी सांगते, कोरीव मूर्ती करू नका, कशाचीही प्रतिमा करू नका. ही आज्ञा किती कडक पाळायची यावर ज्यू धर्मपंडित शतकानुशतकं वाद घालत आलेत. सचित्र पोथ्या होत्याच की! सिरियातल्या दुरा-युरोपोस इथे तर १९३२ मध्ये तिसऱ्या शतकातलं एक सिनेगॉग सापडलं, त्याच्या भिंतीच्या भिंती बायबलच्या चित्रांनी भरलेल्या. देव मात्र तिथेही दिसत नाही. वरून येणारा नुसता हात दिसतो. पण वितेब्स्कच्या गल्लीतल्या काकाला हे कुठून ठाऊक असणार? अशा घरातल्या मुलाने चित्रकार होणं हीच बंडखोरी होती. आणि त्याने पुढे चित्र कशाचं काढावं? तर थेट बायबलचं.

वितेब्स्कमधून तो सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथे राहायला ज्यूंना परवाना लागायचा. तो मिळावा म्हणून एका वकिलाच्या घरी कागदोपत्री नोकर म्हणून राहिला. एकदा परवाना नव्हता म्हणून थोडे दिवस तुरुंगातही काढले. कागद, शिक्के, परवाने यांच्याशी त्याची जी गाठ पडली, ती पन्नाशी ओलांडली तरी सुटली नाही.

आम्ल आणि रेषा

पुढची काही वर्षं पटकन उरकतो, कारण ती पुस्तकांत आणि माहितीपटांत भरपूर सापडतात. पहिल्या महायुद्धाआधीचं पॅरिस. १९१४ मध्ये बर्लिनला प्रदर्शन, तिथून वितेब्स्कला धावती भेट आणि तेवढ्यात महायुद्ध भडकल्याने तिथेच अडकणं. १९१५ मध्ये बेला रोझेनफेल्डशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगी इडा. रशियन क्रांतीनंतर वितेब्स्कचा कला-कमिसार! त्याने तिथे कलाशाळा काढली. मग मालेविच हा अमूर्त चित्रकार शाळेत शिकवायला आला आणि विद्यार्थी हळूहळू त्याच्या बाजूला गेले. १९२० मध्ये शागालने शाळा सोडली, १९२२ मध्ये देश सोडला.

बर्लिनला पोहोचला तेव्हा कळलं की १९१४ मध्ये प्रदर्शनासाठी ठेवलेली चित्रं कधीच विकली गेली आहेत आणि त्यांचे जे पैसे जमा होते, ते महागाईने कवडीमोल झालेत. पुढे पॅरिसला गेला, तर जुन्या स्टुडिओत ठेवलेली चित्रंही गायब. वय ३६ आणि तरुणपणीचं बरंचसं काम हातातून गेलेलं. हातात बॅकअप नावाची गोष्ट नाही.

नेमकं याच काळात तो छापचित्र शिकला हे मला योगायोगाचं वाटत नाही, पण तो फक्त माझा अंदाज. बर्लिनमध्ये एका प्रकाशकाला त्याचं आत्मचरित्र सचित्र काढायचं होतं. मजकुराचा जर्मन अनुवाद काही जमेना, म्हणून १९२३ मध्ये नुसत्या २० छापचित्रांचा संच निघाला. त्यासाठी शागालला एचिंग शिकवलं हर्मान स्ट्रुकने. हा स्ट्रुक भारी माणूस. सनातनी ज्यू, धर्माचे सगळे नियम पाळणारा आणि त्याच वेळी जर्मनीतला नावाजलेला छापचित्रकार. एचिंगवरचं त्याचं १९०८ चं पुस्तक त्या काळी अनेकांसाठी पाठ्यपुस्तकच होतं. म्हणजे बघा, काकाला जे पाप वाटत होतं, ते शागालला तंत्रासकट शिकवलं एका धार्मिक ज्यूनेच.

एचिंग म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची गंमत त्यात आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. मग सुईने त्या थरावर चित्र काढायचं. सुई जिथून जाईल तिथला थर निघतो आणि तांबं उघडं पडतं. आता पत्रा आम्लात बुडवायचा. थर आहे तिथे आम्लाचं काही चालत नाही, उघड्या रेषा मात्र ते खात जातं. जितका वेळ जास्त, तितकी रेष खोल. रेष खोल, तर छापल्यावर गडद. जी रेष फिकी ठेवायची तिच्यावर मध्येच वार्निश लावून टाकायचं आणि पत्रा परत आम्लात. झालं की थर पुसायचा, रेषांत शाई चोळून भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून जोरात दाबून काढायचा. कागद खाचांतली शाई शोषून घेतो.

आणि चित्र उलटं येतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. चित्रात हिब्रू अक्षरं हवी असतील तर पत्र्यावर ती आरशात दिसतात तशी, डावीकडून उजवीकडे कोरावी लागतात. लहानपणी धर्मशाळेत गिरवलेली अक्षरं, आता उलटी.

शागाल पठडीतल्या एचिंगवर थांबला नाही. सुईने थेट तांबं ओरबाडायचा. त्याने रेषेच्या कडेला धातूचा बारीक कीस उभा राहतो, त्यात शाई अडकते आणि रेष मखमलीसारखी उमटते. सँडपेपर घासायचा, ब्रशने वार्निश फिरवायचा. एकाच पत्र्यावर पुन्हा पुन्हा काम करायचा. त्यामुळे त्याचा काळा रंग सपाट नसतो. त्याच्या काळोखात खोली असते, धूर असतो, मधूनच कुठून तरी उजेड झिरपतो. रंगांचा माणूस रंगांशिवाय काय करू शकतो ते इथे कळतं.

पंचतंत्र ते बायबल

पॅरिसमध्ये त्याला गाठलं आम्ब्रुआझ व्होलारने. सेझान, पिकासो यांना सुरुवातीच्या काळात आधार देणारा हा चित्रव्यापारी. त्याला चित्रकारांकडून आलिशान पुस्तकं करून घ्यायचा नाद होता. आधी गोगोलची ‘मृत आत्मे’ ही कादंबरी झाली. मग व्होलारने शागालला ला फोंतेनच्या बोधकथा दिल्या आणि फ्रान्समध्ये गदारोळ झाला. ला फोंतेन म्हणजे फ्रेंचांच्या शाळेतल्या पाठांतराचा कवी. त्याची चित्रं एका रशियन ज्यूने काढायची? प्रश्न फ्रान्सच्या संसदेपर्यंत गेला. व्होलारचं उत्तर मस्त होतं. या कथांचं मूळच पूर्वेकडचं आहे, मग पूर्वेकडच्या चित्रकाराने का नको? आपल्यासाठी यात एक मजेशीर धागा आहे. ला फोंतेनने आपल्या कथांच्या दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला पिल्पे नावाच्या भारतीय ऋषीचं ऋण मान्य केलंय. पिल्पे म्हणजे आपल्या पंचतंत्राच्या कथा भाषांतरांतून फिरत फिरत युरोपात गेल्या, तेव्हा त्यांना चिकटलेलं नाव.

१९३० मध्ये व्होलारने पुढचं काम सांगितलं. बायबल. शागालसाठी बायबल म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात आणि ज्यू ज्याला तनाख म्हणतात ते. काम हाती आलं आणि १९३१ मध्ये तो बेला आणि इडाला घेऊन पॅलेस्टाइनला गेला. निमंत्रण होतं तेल अवीवचे महापौर मेइर डिझेनगोफ यांचं. जेरुसलेम, सफेद, राहेलची कबर असं सगळं पाहिलं. जेरुसलेमची पश्चिम भिंत रंगवली, सफेदच्या सिनेगॉगचा आतला भाग रंगवला. परत येऊन आधी जलरंगासारख्या गुआश रंगात चित्रं केली आणि मग ती तांब्यावर उतरवायला घेतली. मध्ये हॉलंडला जाऊन रेम्ब्रांट पाहून आला. रेम्ब्रांटही बायबलची एचिंग करायचा आणि तोही आम्स्टरडॅमच्या ज्यू वस्तीत राहिलेला.

आता गंमत बघा. एवढा पवित्र भूमीचा प्रवास करून आल्यावर चित्रांत काय यावं? वाळवंट, खजूर, उंट? ते फारसं येतच नाही. अब्राहाम येतो तो वितेब्स्कच्या गल्लीतल्या एखाद्या आजोबासारखा. ठेंगणा, खांद्यात वाकलेला, दाढी छातीपर्यंत. सारा वारली तेव्हा तिच्याजवळ चेहऱ्यावर हात घेऊन उभा असलेला. याकोबाच्या हातात योसेफचा रक्ताने माखलेला अंगरखा येतो. पोरांनी भावाला विकून टाकलंय आणि बापाला बकऱ्याचं रक्त दाखवलंय. तेव्हा याकोब जो कोसळतो तो कुणी प्राचीन कुलपुरुष वाटतच नाही, शेजारच्या घरातला बाप वाटतो. युरोपातल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं बायबलची माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी रंगवली. पिळदार, देखणी. शागालने त्यांना आपल्या ओळखीच्यांचे चेहरे दिले. माशांची पिंपं उचलणारे, शब्बाथला धुतलेला कोट घालणारे, गाय दारात बांधणारे लोक.

देवाचं काय केलं? काका बहुधा मनात कुठे तरी बसलेला असावा. शागाल देवाचा चेहरा काढत नाही. देव येतो तेव्हा तेजाच्या वर्तुळात हिब्रू अक्षरं येतात. पुढे फ्रान्समधल्या नीस शहरासाठी केलेल्या मोठ्या रंगीत चित्रात मोशेला आज्ञांच्या पाट्या मिळतात, तेव्हा ढगातून फक्त दोन हात बाहेर येतात. दुरा-युरोपोसच्या भिंतीवर होता, तसाच प्रकार.

६६ वर थांबलेलं काम

१९३० च्या दशकात तो हे पत्रे कोरत होता, तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे. १९३३ मध्ये मानहाइमच्या संग्रहालयातलं त्याचं रब्बीचं चित्र नाझींनी चेष्टेसाठी मांडलं. १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘भ्रष्ट कला’ प्रदर्शनात त्याची चित्रं होती. १९३५ मध्ये तो पोलंडला जाऊन आला होता, ज्यू वस्त्यांमधली भीती त्याने स्वतः पाहिली होती. १९३८ मध्ये त्याने ‘पांढरा क्रूसारोहण’ केलं. त्यात क्रूसावरचा येशू कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल गुंडाळून आहे आणि भोवती सिनेगॉग जळतंय, लोक गाठोडी घेऊन पळतायत. येशू ज्यू होता हे युरोपला आठवण करून देण्याचा यापेक्षा थेट मार्ग नसेल. हे चित्र आज शिकागोमध्ये आहे.

जुलै १९३९. व्होलार मोटार अपघातात गेला. तोवर बायबलचे ६६ पत्रे पूर्ण झाले होते, ३९ अर्धवट. दोन महिन्यांच्या आत दुसरं महायुद्ध सुरू झालं. व्होलारने करून घेतलेली तिन्ही पुस्तकं, गोगोल, ला फोंतेन आणि बायबल, छापायची राहून गेली.

मग गोर्द, फ्राय, गायी. एप्रिल १९४१ मध्ये मार्सेयच्या हॉटेलवर धाड पडली आणि शागालला पोलिसांनी उचललं. फ्रायने फोन करून पोलिसांना सुनावलं, की जगप्रसिद्ध चित्रकाराला पकडलंय हे वर्तमानपत्रांत गेलं तर तुमची फजिती होईल. थोड्याच वेळात सुटका झाली. २३ जून १९४१ ला शागाल न्यूयॉर्कला उतरला. आदल्या दिवशीच जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला होता. तीन आठवड्यांच्या आत वितेब्स्क जर्मनांच्या ताब्यात गेलं. त्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या घेट्टोमधल्या ज्यूंना नेऊन मारून टाकण्यात आलं.

हजारो माणसं. अब्राहाम, याकोब, सारा यांचे चेहरे ज्यांच्यावरून घेतले होते, त्यांचं गाव.

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत बेला अचानक आजारी पडून गेली. त्याच्या उडत्या जोडप्यांमधली ती. तीही वितेब्स्कचीच, आणि जाण्याआधी तिने आपल्या बालपणाच्या आठवणी यिडिश भाषेत लिहून ठेवल्या होत्या. शागालने कित्येक महिने ब्रश उचलला नाही. स्टुडिओतले कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले.

१९४८ मध्ये तो फ्रान्सला परतला. तेरियाद नावाच्या प्रकाशकाने व्होलारची अडकलेली पुस्तकं हाती घेतली. ‘मृत आत्मे’ १९४८ मध्ये, बोधकथा १९५२ मध्ये. आणि १९५२ मध्ये शागाल पुन्हा बायबलच्या पत्र्यांसमोर बसला. उरलेले ३९.

१३ वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली रेष पुन्हा कशी पकडायची? आपल्यापैकी कुणाला वर्षभरापूर्वीची स्केचबुक उघडली तरी परकी वाटते. इथे तर मधल्या काळात सगळं जगच पुसलं गेलेलं. आणि पत्र्यांचा क्रम असा, की पुस्तकाच्या शेवटाकडे संदेष्टे येतात. यशया, यिर्मया, यहेज्केल. जेरुसलेमचा पाडाव, विहिरीत टाकलेला यिर्मया, परागंदा झालेली माणसं. म्हणजे जळालेल्या शहराची चित्रं त्याने पूर्ण केली ती आपलं शहर जळाल्यानंतर. समीक्षक या शेवटच्या भागाबद्दल फार बोलत नाहीत, त्यांना अब्राहाम आणि याकोब जास्त आवडतात. मला वाटतं, पुस्तकाचा खरा भार या शेवटच्या पानांवर आहे.

१९५६ मध्ये पुस्तक आलं. दोन खंड, १०५ छापचित्रं. विक्रीच्या २७५ प्रती. शिवाय १०० संच असे, ज्यांवर शागालने स्वतःच्या हाताने रंग भरले. निळा, पिवळा, गुलाबी असे जलरंगाचे हलके हात, कुठे फक्त पंखाला, कुठे फक्त आभाळाला.

एलीया आणि अलिबाग

या १०५ मध्ये एक चित्र एलीया संदेष्ट्याचं आहे, अग्नीच्या रथातून स्वर्गात जाणाऱ्या. ते पाहताना मराठी माणसाला थोडं वेगळं वाटायला हवं. कारण या रथाची आठवण कोकणातही आहे. बेने इस्रायली, म्हणजे रायगडच्या गावांमधून तेल गाळण्याचा धंदा केलेले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले आपले मराठी ज्यू. त्यांच्यात ‘एलियाहू हन्नबी’ म्हणजे हाच एलीया फार जवळचा. लग्न असो, नवस असो, त्याच्या नावाने मलिदा होतो. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात तर एक कातळ दाखवतात, त्यावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. आणि अनेक बेने इस्रायली घरांत भिंतीवर फ्रेममध्ये एक छापील चित्र असतं. रथ, घोडे, ज्वाळा आणि वर जाणारा एलीया.

दुसऱ्या आज्ञेचा प्रश्न इथल्या घरांनी कसा सोडवला असेल? पूजा नाही करायची, पण संदेष्टा घरात हवा. वितेब्स्कमधल्या काकाला आवडलं असतं की नाही, माहीत नाही.

आता बघायचं असेल तर

शागालचं बायबल आज सहज बघता येतं. मूळ प्रत हातात मिळणं अवघड, पण मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर यातली पुष्कळ पानं मोठ्या आकारात पाहता येतात. नीसमध्ये तर खास यासाठीच राष्ट्रीय संग्रहालय आहे, बायबलवरची मोठी रंगीत चित्रं, गुआश आणि छापचित्रं एकत्र. ते उघडलं ७ जुलै १९७३ ला, त्याच्या ८६ व्या वाढदिवशी. जिवंतपणी असं संग्रहालय बघायला मिळालेले चित्रकार थोडे.

त्याच्या महिनाभर आधी तो ५० वर्षांनंतर रशियात गेला होता. मॉस्कोला गेला, लेनिनग्राडला गेला, जुनी चित्रं पाहिली. वितेब्स्कला मात्र गेला नाही. १९८५ मध्ये, ९७ व्या वर्षी तो दक्षिण फ्रान्समध्ये वारला.

बघताना एक करा. दोन चित्रं शेजारी शेजारी उघडा. एक सुरुवातीच्या पानांतलं, अब्राहाम सारेसाठी रडतोय ते. आणि एक शेवटच्या पानांतलं, यिर्मयाचं कुठलंही. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवा, नाहीतर काळ्यातले बारकावे दिसणार नाहीत. मग झूम करत करत चेहऱ्यांपर्यंत जा. कपाळावरच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत.